पक्का कान

आमच्या आळीत पोराचा कान फुटला की पेढे तेवढे वाटायचे बाकी ठेवले होते, बाकी कौतुक सगळं व्हायचं. “पक्का झाला गड्या,” म्हणून पाठीवर थाप पडायची आणि जेवताना त्याच्या ताटात मरळ माशाचा मधला तुकडा यायचा. हे मी सासरी सांगितलं तेव्हा कुणाला खरं वाटलं नाही. माझं सासर तासगावकडं, तिथल्या माणसांचा जन्म द्राक्षाच्या बागेत आणि बेदाण्याच्या शेडमध्ये जातो. सासूबाई म्हणाल्या, “कान मुद्दाम फोडून घ्यायचा? आणि वर कौतुक?” मी हो म्हटलं आणि विषय बदलला. माहेरची लाज वाटली की मी विषयच बदलते.

माहेर कृष्णेच्या काठावर, इस्लामपूरपासून एसटीनं फार लांब नाही. गावाच्या खालच्या अंगाला नदी वळते आणि त्या वळणावर काळ्या खडकाचा डोह आहे. वरून बघितलं तर नुसतं हिरवं, थंड पाणी. आत मात्र खडकाच्या पायऱ्या आहेत, पायऱ्यांखाली कपारी आहेत आणि कपारीत मासा आहे. जाळं तिथं चालत नाही, खडकाला अडकून फाटतं. गळाला तिथला जुना मासा दाद देत नाही. म्हणून आमच्या आळीतले पुरुष पाण्याखाली जाऊन बंदुकीनं मासा मारतात. बंदूक म्हणजे सागवानी दांडा, त्याला सायकलच्या ट्यूबचं रबर, आणि त्या रबरावर ताणून बसवलेली टोकदार सळई. सळईच्या टोकाला उलटा काटा असतो, मागं नायलॉनची दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक माणसाच्या कमरेला. घोडा ओढला की सळई सुटते. घरात खुंटीला टांगलेली ती वस्तू बघून पाहुणे हसायचे. पाण्यात कुणी हसत नाही.

या कामात माझे वडील सगळ्यांत वरचढ. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आमचा थोडा ऊस होता तो कारखान्याला जायचा, पण घरची मीठमिरची आबांच्या सळईवर चालायची. दिवाळीनंतर पुराचा गाळ खाली बसतो, पाणी निवळतं. तेव्हापासून उन्हाळ्यापर्यंत आबा सकाळी डोहावर. मोठा दगड पोटाशी धरायचा आणि खडकावरून पाण्यात पाय टाकायचा. दगडानं माणूस सरळ तळाला जातो, हातपाय मारून दम घालवावा लागत नाही. तळाला दगड सोडायचा, कपारीच्या तोंडाशी आडवं पडायचं आणि हलायचं नाही. माणूस दिसला की मासा आत सरतो. मग त्यालाच राहवत नाही. कोण आलंय ते बघायला तो तोंड बाहेर काढतो. “माशाला नाक खुपसायची लय खोड,” आबा म्हणायचे, “माणसागतच.” कल्ल्याच्या मागं बोटभर जागा असते. सळई तिथं बसली तर मासा जागीच लुळा पडतो. चुकली तर सळईसकट कपारीत घुसतो आणि दोरी असते कमरेला. मग कोण कुणाला ओढतंय हे सांगता येत नाही. असा ओढला गेलेला आळीतला एकजण वर आलाच नाही. मी तेव्हा शाळेत होते. त्याला बाहेर काढला तेव्हा दोरीच्या टोकाला वाम, सापासारखी लांब मासळी, तशीच वळवळत होती. ती कुणी खाल्ली नाही, पुरली. त्याच्या तेराव्यानंतर त्याचा भाऊ तीच बंदूक घेऊन डोहात उतरला.

आता कानाचं सांगते. दगडासोबत खाली जाताना सगळ्यात आधी कान दुखतो, सुई खुपसावी तसा. नाक दाबून आतल्या आत फुंकलं तर तो मोकळा होतो, हे मला पुढं डॉक्टरीण बाईंकडून कळलं. आमच्या आळीत हे कुणी कुणाला शिकवलं नाही. आळीचा उपाय सरळ होता. पहिल्याच हंगामात मोठ्यातला मोठा दगड घ्यायचा आणि न थांबता तळ गाठायचा. कानात फट् होतं, डोकं गरगरतं, चार दिवस ताप येतो. त्यानंतर कान कधी दुखत नाही. पडदाच राहिला नाही तर दुखणार काय? पण याला आमच्याकडं फुटला म्हणायचे नाहीत, पक्का झाला म्हणायचे. आजोबांनी आबांना असंच पक्कं केलं होतं.

आबांचा उजवा कान ठार बंद, डावा अर्धामुर्धा. दर पावसाळ्यात दोन्ही वाहायचे. घरात टीव्ही लागला की चौकातल्या माणसाला बातम्या कळायच्या. त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून, तोंड दिसेल असं, आणि ओरडून. नाहीतर आईला सांगायचं. आई त्यांच्या डाव्या बाजूला बसायची आणि आलेल्यागेलेल्याचं बोलणं त्यांच्या कानाशी पुन्हा म्हणायची. तिच्या तोंडाला तशी धार फार. “एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून द्यायची सोय देवानं ह्यांना ठेवली न्हाई,” ती म्हणायची, “एकाच कानात समदं साचून बसतंय.” आबा हसायचे. त्यांना तेवढं बरोबर ऐकू जायचं.

माझा भाऊ माझ्याहून बराच धाकटा. पाण्याला भ्यायचा नाही, एका दमात नदी पार करून यायचा, पण त्यानं कधी दगड धरला नाही. आळी त्याला टोचायची. आबांच्या लेकानं तळ बघितला नाही, म्हणायची. आबा नुसती सळई घासत बसायचे, आणि ते घासणं ऐकलं की भाऊ घरातून निघून जायचा. त्याला फौजेत जायचं होतं. आमच्या भागात भरतीचं वेड घरोघर आहे. पहाटे रस्त्यावर पोरांचे जथे धावत असतात, ट्रकवाले त्यांना बघून आपोआप कडेनं घेतात. पण माझ्या भावाचं वेड जरा निराळं होतं. बाकीच्या पोरांना भरती नाही झाली तर पोलीस, नाहीतर एमआयडीसी, नाहीतर चुलत्याचं दुकान असायचं. याला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. दोनदा हुकलं, एकदा धावण्यात आणि एकदा लेखीला. तिसरी खेप ही शेवटची, कारण पुढच्या वर्षी त्याचं वय बसणार नव्हतं.

त्या थंडीत मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. लेखी झाली होती आणि मी आल्यावर थोड्याच दिवसांत त्यानं मैदानही मारलं. गावात आला तेव्हा पोरांनी त्याला खांद्यावर घेतला, गुलाल उधळला, हलगी लावली. आबा दारात उभे होते. हलगी त्यांना ऐकू जाते, म्हणजे छातीत कळते. ते बराच वेळ छातीवर हात ठेवून उभे राहिले आणि मग आत येऊन खुंटीवरची बंदूक काढून तिचं रबर बदलायला बसले. मी म्हटलं, आता हे काय काढलं? आता तेवढं मेडिकल राहिलं होतं, तेही आठवड्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा त्याला म्हणाले, “चल. जायच्या आधी तुला पक्का करतो.”

आई ओरडली, “आवं, आता कशाला? पोरगं निघालंय न्हवं?”

“निघालंय म्हणूनच. फौजंत पवायला लावत्यात. तितं कान दुखला म्हणून वर आला तर बापाची अब्रू जाईल. असा कच्चा कसा धाडू?”

मला वाटलं होतं भाऊ नाही म्हणेल. त्यानं एकदा आबांकडं बघितलं, एकदा खुंटीकडं, आणि टॉवेल घेतला. मला पुढं म्हणाला, “आक्के, इतकी वर्सं त्यांच्या मनात हुतं. आता मी जाणारच हुतो. एकदा त्यांच्या मनासारखं करून जावं म्हटलं.” त्याला कान तपासतात हे माहीत होतं. पण आळीतल्या पोराला पक्का कान म्हणजे दुखणं वाटतच नाही. रक्त पुसलं की झालं, असं त्यालाही वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

पोटुशी बाईनं डोहावर जाऊ नये म्हणतात, म्हणून मी घरीच होते. दुपारी दोघं आले. आबांच्या हातात मोठी मरळ, कल्ल्यातून दोरी ओवलेली, आणि चेहऱ्यावर असं हसू की माझ्या लग्नातसुद्धा नव्हतं. भाऊ मागं, पांढराफटक, डाव्या कानाला टॉवेल लावून. “एका दगडात तळाला गेला,” आबा आळीला ऐकू जाईल असं म्हणाले. “वाटंत हात बी हलवला न्हाई.”

“कसा हाय रं तळ?” मी भावाला विचारलं.

“काळा,” तो म्हणाला. मग म्हणाला, “आक्के, वर कुटं आणि खाली कुटं तेच कळंना. आबांनी दंडाला धरून वर आणला.”

आईनं मरळ केली. मधला तुकडा त्याच्या ताटात आला, त्यानं तो खाल्ला, आणि उठून मोरीत ओकला. आबा म्हणाले, पहिल्यांदा असं होतंच.

मेडिकलला डॉक्टरांनी कानात उजेड टाकला आणि दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. कानाचा पडदा फाटलाय म्हणाले. विचारलं, कशानं? भावानं खरं सांगितलं, आणि ते दोघं एकमेकांकडं बघायला लागले. माणसं बरी होती. भोक ताजं आहे, भरून येण्यासारखं आहे, म्हणून त्यांनी लगेच नापास केला नाही. काही आठवड्यांनी लष्करी दवाखान्यात पुन्हा दाखवायची एक संधी दिली. तोवर पडदा जुळला तर तो जवान, नाही जुळला तर वय संपलं. इतकं सरळ होतं ते सगळं. एवढ्याशा कातडीवर पोराचा जन्म टांगलेला.

आम्ही त्याला इस्लामपूरला कानाच्या डॉक्टरीण बाईंकडं नेलं. आई होती, आबा होते, माझं पोट घेऊन मीही होते. बाई म्हणाल्या, “भोक लहान आहे, आपलं आपण भरेल. फक्त कानात पाण्याचा थेंब जाता कामा नये. तेल नको, काडी नको, कुणाचं औषध नको. कानाला विसरून जा.” आईनं ते सगळं आबांच्या डाव्या कानात जसंच्या तसं सांगितलं, तेलसुद्धा सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाले, “पोर हाय ती डागदरीण. तिनं डोह कवा बघितलाय?”

मग सुरू झाली ती राखण. अंघोळीला तो मान मागं टाकून बसायचा आणि आई त्याचं डोकं ओल्या फडक्यानं पुसून काढायची. शिंक आली तर तो तोंड उघडं ठेवून शिंकायचा. सर्दी झालेला माणूस दारात दिसला की आई त्याला अंगणातूनच वाटेला लावायची. लग्नाच्या वरातीत डीजे वाजायला लागला की हा मळ्यात जाऊन बसायचा. धावणं चालू होतं, पण टोपी कानावर ओढून. रंगपंचमीला पोरं बादल्या घेऊन आली तेव्हा आई दारात कोयता घेऊन उभी राहिली. पोरांना वाटलं गंमत. ती गंमत नव्हती.

या दिवसांत आबा डोहावर गेले नाहीत. पाणी नितळ होतं, वर्षातलं सगळ्यात चांगलं, आळीतले बाकीचे रोज शिंगाडा मासा, मरळ घेऊन येत होते, आणि आबा ओट्यावर बसून होते. आई त्यांना सोडत नव्हती. डाव्या बाजूला बसायची आणि बारीक आवाजात म्हणायची, “लेकाचा कान खाल्ला तुमी.” ओरडून म्हणाली असती तर बरं, असं मला वाटायचं.  कुणाची माफी मागायची आबांना सवय नव्हती आणि आयुष्यात कुणी शिकवलंही नव्हतं. भाऊ जेवायला बसला की ते त्याच्या डाव्या कानाकडं बघत राहायचे.  मला त्यांचा राग यायचा. अजूनही येतो, आणि राग करता करता मध्येच त्यांची कीव येते, तिचाही राग येतो.

मी बाळंत झाले. मुलगी झाली. भाऊ तिला मांडीवर घ्यायचा तेव्हा ती रडली तर उजवा कान तिच्या बाजूला करायचा, डावा लांब. तिच्या रडण्यानंसुद्धा पडद्याला धक्का बसेल अशी त्याला भीती. आई रोज सकाळी बाळाच्या मालिशसाठी लोखंडी पळीत तेल गरम करायची, त्यात लसणाची पाकळी आणि ओवा. घरभर तो वास असायचा.

भाऊ पुन्हा डॉक्टरीण बाईंकडं गेला आणि परत आला तो धावतच. “आक्के, मोहरीएवढं राहिलंय! येत्या आठवड्यात बंद हुईल म्हणाल्या.” दवाखान्याची तारीख त्याच्याच पुढच्या आठवड्यात होती. आईनं देवापुढं साखर ठेवली. मी रडले. बाळंतिणीनं रडू नये म्हणतात, पण रडले. आबांना आईनं सांगितलं. ते म्हणाले, “मोहरीएवढं तरी का ऱ्हावं?” आणि उठून बाहेर गेले. हे ते हट्टानं म्हणाले की काळजीनं, ते मला तेव्हा कळलं नाही.

त्यानंतर दोनएक दिवसांनी आई दुपारी दळणाला गेली होती. मी शेकशेगडी घेऊन बाळाजवळ झोपले होते. जागी झाले ती लसणाच्या वासानं. मालिश तर सकाळीच झाली होती. उठून बाहेर आले. ओट्यावर पळी, पळीत पिवळं तेल, आणि भाऊ भिंतीला टेकून बसलेला, डाव्या कानात कापसाचा बोळा. बोळा तेलानं पिवळा झाला होता. आबा तिथं नव्हते. ते आळीत गेले होते, म्हणे खूप दिवसांनी.

“हे काय केलंस?” मी म्हटलं.

त्यानं बोळा बोटानं आत दाबला.

“आरं, थेंब जाऊ द्यायचा न्हाई म्हणाल्या हुत्या न्हवं त्या? कुणी घातलं?”

“आबांनी.”

“आणि तू घालू दिलंस? एवढा घोडा झालास, तोंड न्हाई तुला?”

त्यानं सांगितलं ते असं. आबांनी स्वतः चूल पेटवली. आमच्या घरात आबांनी कधी चहा केलेला मी बघितला नाही. तेल कढवलं, निववलं, आपल्या मनगटावर थेंब टाकून बघितला, जसं आई बाळासाठी बघते. मग म्हणाले, “कातडं कोरडं पडलं की तडकतंय. तेल लागलं की जुळतंय. हलगीला बी तेल लावत्यात.” आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

“आक्के,” भाऊ म्हणाला. “डोक्यावर हात ठेवला त्यांनी माज्या. मी कवा लहान असताना ठेवला असंल तर असंल, मला आठवत न्हाई. न्हाई कसं म्हणू?”

मी त्याच्या थोबाडीत मारणार होते. हात उचललाही होता. मग त्याच्याच शेजारी खाली बसले.

संध्याकाळपर्यंत कान ठणकायला लागला. पुढच्या दोन दिवसांत पू आला, ताप चढला. आबा म्हणाले, तेलानं आतली घाण बाहेर पडतीय. डॉक्टरीण बाईंनी बघितलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, आतून सुजलंय, मोहरी होती तिथं आता वाटाणा झालाय. औषधं दिली. दवाखान्याच्या तारखेपर्यंत कान कोरडासुद्धा झाला नाही. तरी भाऊ गेला. एकटा गेला, कुणाला बरोबर घेतलं नाही.

परत आला तेव्हा आम्ही सगळे ओट्यावर होतो. आबा उठून उभे राहिले आणि त्याच्या तोंडाकडं बघत ओरडून म्हणाले, “कान बघितला का?”

“बघितला,” भाऊ तेवढ्याच मोठ्यानं म्हणाला.

“मग?”

“कान बरा हाय म्हणाले.”

“मग?”

“गुडघं लागत्यात म्हणाले. चालताना एकमेकांस्नी. त्यात काडलं.”

आबा मटकन खाली बसले. गुडघ्याला हात मारून घेतला, स्वतःच्या. “गुडघ्यानं घात केला की रं,” म्हणाले. बराच वेळ तेच म्हणत राहिले. आणि मग, रडता रडताच, मान वर करून आईला म्हणाले, “पर कान बघ. कान बरा झाला. म्या बरा केला.” आई माझ्याकडं बघायला लागली. तिला कळलं होतं, मलाही कळलं होतं, आणि भाऊ चपला काढून आत गेला होता.

मी त्याच्या मागं आत गेले. “खोटं का बोललास?” त्यानं शर्ट काढून खुंटीला अडकवला. म्हणाला, “फौज तर गेलीच. आता बापाला बी घालवू?” 

सव्वा महिना झाला तशी मी तासगावला गेले. भाऊ एका दुधाच्या टेम्पोवर लागला. पहाटे उठायची त्याला सवय होतीच. कान मधूनमधून वाहायचा, तो रुमालानं पुसायचा आणि सर्दी आहे म्हणायचा. आबा पुन्हा डोहावर जायला लागले. पण नवीनच एक झालं होतं. आबा ज्याला त्याला सांगत सुटले होते की फौजेच्या डॉक्टरांनीसुद्धा कान पास केला. कोण कुठला दुखरा कान घेऊन यायचा, आबा तेल कढवून द्यायचे. पैसा घ्यायचे नाहीत. आई फोनवर सांगायची. मी म्हणायचे, सांगून टाक त्यांना. ती म्हणायची, तूच सांग.

गौरीला मी मुलीला घेऊन माहेरी आले. नदी गढूळ होती, डोह दिसत नव्हता, आबा घरीच होते. दुपारी शेजारची बाई तिच्या मुलीला घेऊन आली. ही पोरगी पोलीस भरतीची तयारी करत होती, पहाटे पोरांच्या बरोबरीनं धावायची, मी तिला लहानपणापासून बघितलेली. विहिरीत उडी मारताना कानावर आपटली होती आणि तेव्हापासून कानात शिट्टी वाजत होती. तिची आई म्हणाली, “आवं आबा, तुमच्या लेकाचा केलासा तसा हिचा बी करा की बरा. पुढच्या म्हैन्यात भरती हाय तिची.”

आबा खुलले. लगबगीनं चुलीपुढं बसले. लसूण सोलला, तेल तापवलं, मनगटावर थेंब टाकून बघितला. पोरगी ओट्यावर मान वाकडी करून बसली. मी बाळाला आईकडं देऊन उठले होते, पण माझ्या आधी भाऊ उठला. तो नुकताच टेम्पो लावून आला होता.

“आबा, नगा वतू,” तो म्हणाला.

आबांना ऐकू गेलं नाही. त्यांनी पळी उचलली.

“आबा! नगा वतू तेल.”

आबांनी हसून मान हलवली. त्यांना वाटलं, तेल गरम आहे का ते विचारतोय. “कोंबट हाय,” म्हणाले आणि पोरीच्या कानाची पाळी धरली.

भावानं पळी धरली. थोडं तेल आबांच्या धोतरावर सांडलं. मग तो ओरडला. आबांना ऐकू जायला जेवढं ओरडावं लागतं तेवढं, म्हणजे सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढं. “तुमच्या तेलानं माजा कान गेला! गुडघं चांगलं हायती माजं. कानात काडलं मला.”

शेजारच्या बाईनं मुलीला हाताला धरून ओट्यावरून खाली घेतलं. समोरच्या घरातली माणसं दारात आली. आबा भावाच्या तोंडाकडं बघत होते. ओठ त्यांनी वाचले असणार, पण विश्वास बसला नसणार. त्यांनी आईकडं वळून विचारलं, “काय म्हणतोय गं?”

आईनं बाळ माझ्याकडं दिलं. मला वाटलं ती काहीतरी दुसरंच सांगेल. ती त्यांच्या डाव्या बाजूला गेली, खाली बसली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. आपलं काही घातलं नाही, काही गाळलं नाही. तिच्या आवाजात राग नव्हता. पेपरातली बातमी सांगावी तसं तिनं सांगितलं.

आबांनी पळी जमिनीवर ठेवली. धोतरावरचं तेल हातानं पुसायला लागले, ते पसरत गेलं. समोरची माणसं आत गेली. भाऊ तिथंच उभा होता. मला वाटलं आबा त्याला शिवी देतील, किंवा उठून नदीवर जातील. ते भावाच्या कानाकडं बघत म्हणाले, “तवा लय दुखलं का रं?”

“न्हाई,” भाऊ म्हणाला. मग त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला, “न्हाई, आबा.”